पंचमीच्या सात्या

सात्या खाण्याचा आमच्या घरी एक कायदा होता. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं पहिला घास खायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. एक विडा चघळून थुंकायला लागतो तितका वेळ गेला आणि म्हातारं माणूस बसल्या जागी नीट बसलेलं असलं, की मग सगळ्यांनी तुटून पडायचं. वारुळावर उगवणारी प्रत्येक पांढरी अळंबी काही सात्या नसते. हुबेहूब तशीच दिसणारी तिची एक सावत्र बहीण असते. ती पोटात गेली की माणूस आधी ओकतो, आणि नंतर ओकायचंही राहत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, म्हातारंच माणूस का? माझी सासू मैनाबाई म्हणाली, "मंग का तुले पहिले चारू? तुले अजून पोट्टे व्हायचे हाये." सासूला या पदाचा फार अभिमान होता. पहिला घास ती चांगला मूठभर घ्यायची, आणि सगळ्या घरासाठी जीव ओवाळून टाकते आहे असा चेहरा करून खायची. दरवर्षी ती जगली, आणि दरवर्षी आम्ही पोटभर जेवलो.

सासूची दुसरी ख्याती झोपेची. बसल्या जागी झोपायची, डोळे अर्धे उघडे ठेवून, जबडा खाली सोडून. श्वास इतका बारीक की नाकाशी सूत धरलं तरी हलू नये. शेजारच्या घराची भिंत तिच्या खाटेपासून चार हातांवर कोसळली तेव्हा ती उठली नाही. छप्पन साली गावोगाव दीक्षेचे कार्यक्रम झाले, त्यात आमच्याही गावाचा झाला. आम्ही सगळे उभे राहून एकेक प्रतिज्ञा म्हणत होतो आणि ही बाई मांडवाच्या खांबाला टेकून शांत झोपली होती. सगळं आटोपल्यावर जागी झाली आणि विचारलं, "झालो का आपुन?" झालो, म्हटलं. तशी घरी आली, देव्हाऱ्यातले सगळे देव टोपल्यात भरले आणि कोणाची वाट न बघता नदीत सोडून आली. हे मात्र तिनं टक्क जागेपणी केलं.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे.

एकसष्ट सालची गोष्ट. आमचं गाव बाभुळगावपासून दोन कोसांवर. निंदणाला आमची तिघींची टोळी होती. मी नलू, रुखमाबाई आणि सुखीबाई. कपाशीत निंदायला बसलो की तिघींच्या पाती, म्हणजे निंदायच्या ओळी, शेजारी शेजारी. मधे कोणी चौथी बसवली तर आमच्या बोलण्यानं तिचं डोकं दुखायचं आणि दुपारपर्यंत ती आपली आपणच दुसरीकडे जायची.

सुखीबाई गावाबाहेरच्या तांड्यावरची बंजारीण. घागऱ्यावर आरसे, हातभर पांढऱ्या बांगड्या, आणि भूक अशी की शिदोरी सोडताना आम्ही दोघी जरा सावधच असायचो. रुखमाबाई कुणब्याची. तीन एकर बरड वावर होतं त्यांचं, त्यानं काय पोट भरतं, म्हणून तीही आमच्यासारखी दुसऱ्याच्या वावरात निंदायला यायची. रुखमाबाईचे डोळे कायम भरलेले. बकरीचं करडू विकलं तरी रडायची, दुसऱ्याच्या पोरीचं लग्न ठरलं तरी रडायची. ती मला नले म्हणायची, मी तिला रुखमाबाई. मात्र दोघी एकमेकींना तूच म्हणायचो.

आदल्या वर्षी मला हिवतापानं धरलं होतं. वावरात गेले, पण हातात खुरपं धरवेना. रुखमाबाईनं मला तुरीच्या सावलीत निजवलं आणि दिवसभर दोन पाती ओढल्या, तिची आणि माझी. मालक फिरकला की मला टोचून उठवायची, तो गेला की पुन्हा निजवायची. संध्याकाळी तिची बोटं सुजून लाकूड झाली होती. त्या दिवशीपासून मी तिला बहीण मानत होते. म्हणूनच ते कपाचं मला सहन होईना.

कपाचं असं होतं की तिच्या घरी गेले की मला चहा मिळायचा. कप मात्र वळचणीला खोचलेला, कान तुटलेला. मीच तो काढायचा, पिऊन मीच धुवायचा आणि मीच परत खोचायचा. इतकी वर्षं मी ते केलं, कारण सगळेच तसं करत होते. पण त्या आषाढात एकदा गेले तर त्या कपात पाणी होतं आणि त्यांची तांबडी कोंबडी त्यात चोच घालून पीत होती. रुखमाबाईनं कोंबडीला हाकललं, पाणी फेकलं आणि त्यातच मला चहा ओतला. मी कोंबडीकडे बघितलं, कोंबडीनं माझ्याकडे. दोघींपैकी जास्त अपमान कोणाचा झाला हे सांगता येणार नाही, पण कोंबडी रागावलेली दिसत नव्हती.

मी मात्र रागावले. त्या दिवशी मनाशी ठरवलं, रुखमाबाईला एकदा घरी जेवायला बोलवायचं. वावरात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर, ती माझी चटणी खायचीच. उघड्या रानात कोणी फार बघत नाही. पण माझ्या घरात, माझ्या हातचं, माझ्या भांड्यातलं. खाल्लं तर खाल्लं. नाही खाल्लं तर माझी पात यापुढं दुसरीकडे. दोन पाती ओढणारीला दोन घास जड होत असतील, तर मग ती बोटं सुजवून घेतली ती कोणासाठी, हे मला कळायला हवं होतं.

दिवस कोणता धरायचा? निंदण रोजचंच. नागपंचमीला मात्र रानातलं काम बंद, कारण त्या दिवशी जमीन उकरायची नाही. तवा चढवायचा नाही, विळीवर चिरायचं नाही, तळायचं नाही, वाटायचं-कुटायचं नाही. आम्ही पंचमी सोडून पाच वर्षं झाली होती. तरी मी ठरवलं की त्या दिवशी माझ्या घरी यातलं काहीही होणार नाही. दोघींना वावरातच जेवायला यायचं सांगून टाकलं.

माझा नवरा उकंडा, म्हणजे मारे नवा धर्म कोळून प्यायलेला माणूस. आदल्या दिवशी मी पळसाची पानं घेऊन आले तसा तो चवताळला.

"आपुन पंचमी सोडली ना?"

"सोडली."

"मंग उद्या तवा काहून नाई चढत?"

"आपुन सोडली. रुखमाबाईनं नाई सोडली."

"म्हंजे तिच्यापायी तू पंचमी पाळून राह्यली?"

"पाळून नाई राह्यली. तिले बहाना ठेवून नाई राह्यली," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी समाजाची बैठक आहे म्हणून उकंडा सकाळीच बाभुळगावला निघून गेला, ते बरं झालं.

सासू पहाटे उठली होती. सात्या जो आधी उठेल त्याच्या, हा आमच्याकडचा दुसरा कायदा. उजाडायच्या आत ती टोपलंभर घेऊन आली. पांढऱ्याशुभ्र, अजून न उमललेल्या, देठाला वारुळाची लाल माती. वास असा की चुलीवर ठेवायच्या आधीच तोंडाला पाणी सुटावं. कुठून आणल्या विचारलं तर म्हणाली, "नागोबानं देल्ल्या."

मी त्या कपड्यानं पुसल्या, धुतल्या नाहीत. धुतल्या की पाणी धरतात. विळीला हात न लावता बोटांनी उभ्या फाडल्या. पळसाच्या पानात गुंडाळून, वरून सुतळीनं बांधून निखाऱ्यात पुरल्या. शेजारी लसणाचा अख्खा गड्डा आणि पाच-सहा हिरव्या मिरच्याही तशाच पुरल्या. पान करपून काळं झालं आणि आतून फसफस आवाज यायला लागला तशी पुडकी काढली. सगळं लाकडी काठवटीत टाकलं. पाटा-वरवंटा कोपऱ्यात उभा होता, त्याच्याकडे बघितलंही नाही. मुठीनं दाबलं, पुन्हा दाबलं, लसूण सालीतून पिळून काढला, तोडलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातला, मीठ घातलं आणि वरून जवसाचं तेल सोडलं. लोण्यासारखं मऊ झालं ते. चाखून बघायची सोय नव्हती, पहिला घास सासूचा. म्हणून मीठ अंदाजानं.

त्याच्याबरोबर पानगे. कणकेचे जाड गोळे पळसाच्या दोन पानांत थापून गोवऱ्यांच्या आरावर भाजले. भाकरीला तवा लागतो, पानग्याला लागत नाही. सगळं झाकून ठेवलं आणि स्वतःवरच खूश झाले. मला वाटलं, आता रुखमाबाईला कोणती फट सापडते बघू.

आधी सुखीबाई आली. येताच झाकण उचलून वास घेतला आणि म्हणाली, "वऽ! कधी वाढतं?" तिला आवरून बसवेपर्यंत रुखमाबाई आली ती तणतणतच.

"काय जमाना आला वं माय! आमच्या धुऱ्यावरचं वारूळ कोण्या मेलीनं खरडून नेलं! मी दूध-लाह्या घेऊन गेली तं नागोबाच्या घरावर एक सात्या नाई. दर पंचमीले कशा भरून राह्यते!"

मी सासूकडे बघितलं. सासू छपराकडे बघत म्हणाली, "चोर तं चोर, पण उठते सकाळी."

रुखमाबाई ओसरीच्या अगदी कडेला टेकली. एक पाय आत, एक बाहेर लोंबता. म्हणजे ती आली होती असंही म्हणता यावं, आणि नव्हती आली असंही. मी पानावर पानगे मांडले, मधे काठवट ठेवली. तिनं बघितलं आणि तोंड लहान केलं.

"आज तवा चालत नाई वं नले."

"पानगे हायेत. गवरीवरचे."

"हो का. पन चिरलं असंल ना..."

"हातानं फाडल्या."

"वाटलं तं असंलच."

मी तिला माझी मूठ दाखवली. अजून तेलकट होती.

रुखमाबाईचे डोळे भरून आले. मला तिची दया आली नाही. मग तिला आठवलं. "श्रावन हाये वं. मले चालत नाई. सात्या म्हंजे मटनावानीच लागते."

"मटन पळते," सुखीबाई म्हणाली. "याले पाय हाये का?"

"तसं नाई वं सुखे. पन नागोबाच्या घरावरचं, अन् आजच्या दिवशी..."

"तुह्याच नागोबाच्या घरावरचं हाये," सासू म्हणाली. तिला हवं तेव्हा चांगलं ऐकू यायचं. "तुह्याच वावरातलं. मी आनलं. तुहं घरचंच खायाचं हाये तुले, बाटत नाईस."

सासूनं शब्दच उच्चारला. आम्ही तिघी इतका वेळ त्याच्या भोवतीनं फिरत होतो, म्हातारीनं तो उचलून मधोमध काठवटीशेजारी ठेवला. रुखमाबाईचा चेहरा लाल झाला. सात्या चोरल्याचं भांडण काढायचंही तिला सुचलं नाही. ती म्हणाली, "तसं कुठं मनलं मी? मले तं भेव वाटते. इखारी निंघाल्या तं?"

"त्याच्यासाठीच तं मी हाये," सासू म्हणाली आणि पुढं सरकली.

तिनं अख्खा पानगा मोडला, बोटभर जाड थर लावला आणि डोळे मिटून खाल्ला. आम्ही बघत बसलो. एक विडा थुंकण्याइतका वेळ गेला. सासू जिवंत होती, आणि दुसऱ्या पानग्याकडे बघत होती.

सुखीबाईनं आणखी वाट बघितली नाही. पानगा फाडून काठवटीत बुडवला. रुखमाबाई म्हणाली, "सुखे, तांड्यावर समजलं तं?" सुखीबाई भरल्या तोंडानं म्हणाली, "आमच्या आज्या-पंज्यानं बैलावर मीठ लादून साऱ्या मुलखाले पोचवलं. तुमच्या समद्याइच्या पोटात आमच्याच हातचं मीठ हाये. तव्हा कोणं इचारलं, पोत्याले कोणाचा हात लागला?"

रुखमाबाई म्हणाली, "थोडं थांबून पाहू."

मग मी खाल्लं. दोन पानगे खाल्ले, तिच्या डोळ्यात बघत. खरं सांगते, मला चव कळली नाही. रुखमाबाई म्हणाली, "आनखीन थोडं थांबून पाहू." सुखीबाईचा तिसरा पानगा चालू होता. काठवटीत निम्मं उरलं होतं. मला कळून चुकलं की ही बाई काठवट रिकामी होईपर्यंत थांबणार, आणि मग हळहळत म्हणणार, अगंबाई संपलं का! राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

तेवढ्यात सुखीबाई खायची थांबली. तिचं लक्ष खांबाकडे गेलं होतं.

"ए नली, तुही याडी बोलत काहून नाई?" त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

सासू खांबाला टेकून बसली होती. डोळे अर्धे उघडे, बुबुळं वर. जबडा खाली. हातातला पानग्याचा तुकडा मांडीवर पडलेला. पहाटेपासून वारुळं धुंडाळून आलेली, वरून पोटभर खाल्लेली म्हातारी. झोप लागणारच होती. मला एका नजरेत कळलं. एक शब्द बोलले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं.

मी बोलले नाही. का, ते स्वच्छ सांगते. रुखमाबाईला घाबरलेली बघायचं होतं मला. इतका वेळ तिनं मला टांगून ठेवलं होतं, आता थोडा वेळ तिनं लोंबकळावं.

सुखीबाईनं सासूचा खांदा हलवला. मान एका बाजूला कलंडली. सुखीबाई किंचाळली, "गेली! बुढी गेली!" आणि घशात बोट घालत परसात पळाली. तिकडून ओकायच्या प्रयत्नाचे भयंकर आवाज यायला लागले.

आणि रुखमाबाईचा बाहेर लोंबणारा पाय आत आला. माझ्या सासूचा पदर लागला तर घरी जाऊन अंगावर पाणी घेणारी ती बाई, तिनं धावत येऊन सासूचं डोकं मांडीवर घेतलं. गाल थोपटले, तळहात चोळले. "मैनाबाई! वं मैनामावशी! उठ ना वं!" आयुष्यात पहिल्यांदा ती तिला मावशी म्हणाली. सासू उठली नाही. भिंत पडली तेव्हा उठली नव्हती, ही तर नुसती हाक होती.

रुखमाबाईनं माझ्याकडे मान वळवली. "तू बी खाल्लं वं नले?"

"खाल्लं."

"किती?"

"दोन पानगे. तुह्यासमोरच."

ती रडायला लागली. करडासाठी रडायची तसं नव्हतं हे. आवाजच येत नव्हता. परसातून सुखीबाई ओरडली, "निंघत नाई वं बाहीर! चांगलं लागलं तं निंघत बी नाई!"

"म्हंजे तुमी तिघी बी जाता," रुखमाबाई म्हणाली. "अन् मी राह्यते. उद्या सारं गाव इचारीन, रुखमे, तू बी तिथंच होती, तू काहून नाई खाल्लं? काय सांगू मी? सांग ना वं नले. काय सांगू?"

मी काय सांगणार? तिला उत्तर माहीत होतं. इतकी वर्षं ते तिच्या घरात वळचणीला खोचलेलं होतं, पण तोंडानं उच्चारायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. आता ती आली तर तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"अन् माह्या बाजूले पात कोण धरीन?" ती म्हणाली, आणि काठवट ओढली. पानगा मोडला, सात्याचा मोठा गोळा त्यावर घेतला. तेल मनगटावरून ओघळत होतं.

मग मात्र मला माझीच लाज वाटली. मी तिचं मनगट धरलं. "थांब. बुढी झोपली हाये."

"काय?"

"झोपली हाये. ते अशीच झोपते. दीक्षेच्या मांडवात बी अशीच झोपली होती. इखारी नाई हाये काई."

घास तिच्या तोंडापासून वीतभर दूर होता. आता त्यात विष नव्हतं. आता तो फक्त माझ्या घरचा घास होता. मरायचं म्हणून उचललेला हात वर येत होता. आता तो तिथंच थांबला. मी तिचं मनगट सोडून दिलं. तिनं तो खाली ठेवला असता तर मी एक शब्द बोलले नसते. उद्यापासून पात वेगळी धरली असती, एवढंच.

रुखमाबाईनं सासूकडे बघितलं. सासूच्या घशातून तेवढ्यात बारीकशी शिट्टी वाजली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड सुटलं.

"सटवे! बह्याडे! माहा जीव जाऊन राह्यला अन् तू मजा पाहून राह्यली? तुले मालूम होतं अन् तू तोंड शिवून बसली? तुह्या तोंडात माती पडो तुह्या!" आणि बहुधा मला मारायला हात मोकळा हवा होता म्हणून तिनं घास तोंडात कोंबला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. दुसरा घातला. शिव्या चालूच होत्या, पण आता त्या सात्यातून येत असल्यामुळं नीट कळत नव्हत्या. चौथ्या धपाट्याला तिच्या लक्षात आलं की आपण चावतो आहोत.

ती थांबली. मीही थांबले. सुखीबाई परसाच्या दारात उभी राहून तोंड पुसत बघत होती. रुखमाबाईनं गिळलं. गिळल्याचा आवाज मला ऐकू आला.

धपाट्यांच्या आवाजानं की काय, सासूनं डोळे उघडले. आपलं डोकं कोणाच्या मांडीवर आहे हे बघून ती गोंधळली. "मी मेली का?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग हे मले मांडीवर घेऊन काहून बसली?" सासूनं दातात अडकलेलं काहीतरी जिभेनं काढलं, चघळलं आणि म्हणाली, "नले, मीठ कमी हाये."

"बराबर हाये, मावशी," रुखमाबाई म्हणाली, आणि दुसरा पानगा मोडला.

सुखीबाई काठवट संपेल या भीतीनं धावत येऊन बसली. आम्ही चौघींनी काठवट बोटांनी पुसून काढली. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरची लागली म्हणून सांगितलं, पण मिरची तिखट नव्हती.

जाताना रुखमाबाईनं हात धुतले, तोंड दोनदा धुतलं, पदरानं ओठांवरचं तेल पुसलं. उंबऱ्यापाशी थांबून हळूच म्हणाली, "नले, कोणाले सांगू नोको."

मी म्हटलं, नाही सांगत. ती गेली. मी काठवट घासायला घेतली आणि घासतच राहिले. एवढं सगळं करून शेवटी हेच, तिनं मला पुन्हा वळचणीला खोचून ठेवलं होतं. चोरून खाल्लेला घास आणि कान तुटलेला कप यात मला फारसा फरक दिसेना. संध्याकाळी उकंडा आला, त्यानं विचारलं, "खाल्लं का तिनं?" मी म्हटलं, "नाई." खोटं बोलले, पण मला तरी ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कपाशीत आम्ही बारा बायका होतो. मी पात चार बायका सोडून धरली. रुखमाबाईनं दोनदा हाक मारली, मी ऐकू न आल्यासारखं केलं. सुखीबाई मधे बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती.

दुपारी धुऱ्यावर सगळ्यांनी शिदोऱ्या सोडल्या. त्या दिवशी रुखमाबाईची थोरली जाऊ हंसाबाईही निंदणाला आली होती. कोणाची सावली कोणावर पडली हेदेखील तिच्या नजरेतून सुटायचं नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर व्हायचं. हंसाबाईनं भाकरी मोडली, कांदा फोडला, पहिला घास उचलला.

तेवढ्यात रुखमाबाई म्हणाली, मोठ्यानं, बाराच्या बारा जणींना ऐकू जाईल अशी, "काल नलीच्या घरी सात्या खाल्ल्या. मीठ भल्लंच कमी होतं."

कोणाच्या तरी हातातला गडवा कलंडला आणि पाणी मातीत गेलं, ते कोणी सावरलं नाही.

"कोणाच्या घरी?" हंसाबाईनं विचारलं.

"नलीच्या. दोन पानगे खाल्ले. मीठच नाई हातात पोट्टीच्या."

मी माझ्या जागेवरून म्हटलं, "काल तं बराबर हाये म्हनत होती."

"काल तुह्या घरी पाहुनी होती मी," रुखमाबाई म्हणाली. "पाहुनीनं कमी हाये म्हनाव का? अन् तिकडे कायले बसली वं? ये इकडे, भाकर घेऊन ये. पुढच्या पंचमीले मीठ मी टाकीन."

मी भाकर घेऊन उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. हंसाबाईचा घास अजून हातातच होता.